पाचव्या ओळीतलं जास्तीचं अक्षर

काशीराम कोळी कवी आहेत की नाहीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ठरवायची गरज काय, असं तुम्ही म्हणाल. पण मी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर घाटकोपरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये 'काव्यांगण' नावाचं मंडळ चालवते. कोण कवी आणि कोण नुसता यमक जुळवणारा, हे ठरवणं हा माझा जुना रोग आहे. त्या रोगापायी मी एका शहाण्या माणसाला वेडाच्या दारापर्यंत नेऊन आणलं. तेच सांगायला बसलेय.

सुरुवात सुबोध सरांनी केली. हे मुलुंडला राहणारे, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. आमच्या मंडळात ते कविता करायला येत नाहीत, मोजायला येतात. कोणी कविता वाचली की बोटांवर मात्रा मोजतात. गेल्या वर्षी त्यांनी सुचवलं, "उत्तराताई, यंदाचा वार्षिक अंक गणिताच्या कवितांचा काढू या. पूर्वी लोक गणितंच श्लोकात घालायचे. पावकी, निमकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणताना आमच्या वडिलांना काय ठेका लागायचा! त्याला कविता म्हणायचं नाही तर कशाला?"

मला गणिताचं लहानपणापासून वावडं. पण कल्पना आवडली. चार महिने आम्ही शनिवारी शनिवारी जमून जुने-नवे कवी धुंडाळले, पाढे म्हटले, श्लोकातली गणितं सोडवायचा प्रयत्न केला. सोडवताना एकमेकांवर ओरडलो. मग सभासदांकडून कविता मागवल्या. शून्यावर सात आल्या. कधीच न भेटणाऱ्या समांतर रेषांवर चार, आणि चौघांनाही त्या रेषा म्हणजे आपण आणि कॉलेजातली ती, असं वाटत होतं. मी इतकी वैतागले की बाजारात मथुरापाशी रडगाणं गायले.

मथुरा माझी मासळीवाली. माहुलहून येते, वीस वर्षं तिच्याकडूनच घेते. बोंबलांचा वाटा पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "आमचा म्हातारा जालं विनताना काय तरी बडबडतो. समदं आकड्यांचंच हाय. ते चालंल काय गं बाय, तुज्या पुस्तकात?"

म्हटलं, पाठव त्यांना.

पुढच्या शनिवारी मथुराचे यजमान, काशीराम, आले. साठी उलटलेली, अंगानं काटक, शर्टाची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. अंगाला पावडर इतकी, की सगळा हॉल घमघमला. दाराजवळच्या खुर्चीवर बसले. त्या दिवशी समांतर रेषांची तिसरी कविता वाचली गेली. सगळ्यांनी 'वा' म्हटलं. काशीरामनी हात वर केला.

"त्या दोन रेगांमदी अंतर किती?"

कवी म्हणाले, "म्हणजे? अनंत... म्हणजे तसं काही नाही, ते मनातलं अंतर."

"मनातलं असूदे. किती?" काशीराम खरोखरच विचारत होते. "आमी दोन दोऱ्या लावतो तवा अंतर सांगावं लागतं. नायतर मदलं जालं फाटतं."

हॉल हसला. कवी रागावले ते पुढचे दोन शनिवार आलेच नाहीत. मला मात्र माणूस आवडला.

मग त्यांनी आपलं म्हटलं. उभे राहिले, डावा हात पुढे धरला, उजव्या हातात विणायची सुई असल्यासारखी चिमूट केली. जाळ्याच्या भोकांना ते डोळे म्हणत; म्हणजे त्यांच्या बोलीत 'डोले'. दोन डोळे एकत्र विणून एक कमी करायचा, याला गिळणं. खाडीत लावायच्या डोल जाळ्याची शेपूट तोंडाशी रुंद आणि टोकाशी निमुळती असते, म्हणून विणताना डोळे गिळत गिळत जावं लागतं. विणीच्या किती फेऱ्यांनी किती गिळायचे, ते त्यांच्या बापानं त्यांना असं शिकवलं होतं. बापाला त्याच्या बापानं. लिहिलेलं कुठेच नव्हतं.

मी हातातल्या विजेच्या बिलामागे उतरवून घेतलं. आठ ओळी. सुबोध सर बोटांवर मोजत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. शेवटी ते जवळजवळ ओरडलेच, "अहो, ही अष्टाक्षरी आहे! आठ ओळी, प्रत्येकीत आठ अक्षरं! आठ आठे चौसष्ट! मलपृष्ठावर बुद्धिबळाचा पट काढू आणि एकेका घरात एकेक अक्षर बसवू!"

मग परत मोजलं आणि म्हणाले, "अरेच्चा. पाचव्या ओळीत नऊ आहेत."

पाचव्या ओळीतला आकडा तीन अक्षरांचा होता. त्यापायी अख्खा पट बिघडत होता. मी त्या संध्याकाळी घरी बसले, लाल पेन घेतलं आणि तो आकडा खोडून 'बारा' केलं. दोन अक्षरं. ओळ कशी गुळगुळीत झाली. शाळेत हजारो वह्या तपासताना जसा हात चालायचा तसाच चालला, मला विचारलंसुद्धा नाही त्यानं. छापलं ते असं:

सहा विसा डोले घाल
नऊ फेरे सरल जा
दहाव्याला दोन गिल
पाच विसा उरं तवा
बारा फेरे तीन गिल
दोन विसा उरं तवा
शेपटीला दोरी बांध
दर्याला तू नाव सांग

सहा विसा म्हणजे एकशेवीस, 'गिल' म्हणजे गिळ. ही माणसं अजून विसांत मोजतात. बाकीचं तुम्हाला कळलंच असेल. मला तेव्हा कळलं नव्हतं, हे कबूल करते. मला ते 'दर्याला तू नाव सांग' एवढंच कळलं होतं आणि त्यावर मी संपादकीयात दीड पान लिहिलं.

फेब्रुवारीत अंक निघाला. काशीरामनी दहा प्रती नेल्या. माहुलच्या देवळात एक ठेवली, एक लॅमिनेट करून घरात गणपतीच्या तसबिरीखाली लावली. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. आपल्या बापाचं बोलणं पुस्तकात छापून आलं, खाली 'काशीराम पांडुरंग कोळी' असं नाव आलं, याचं त्यांना काय वाटलं ते मला सांगता यायचं नाही. प्रत्येक शनिवारी कोणी ना कोणी म्हणायचं, काशीरामभाऊ, होऊन जाऊ दे. ते उभे राहायचे, छापलेलं म्हणायचे. लग्नात म्हटलं, साखरपुड्यात म्हटलं, कोणी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. पटावरची ओळ जिभेवरून तेल लावल्यासारखी सुटायची.

मग पावसाळा आला, होड्या वर ओढल्या गेल्या, आणि पुढचं मला काही माहीत नाही. म्हणजे तेव्हा माहीत नव्हतं. जुलैपासून काशीराम यायचे बंद झाले. म्हटलं, कामात असतील.

नारळी पौर्णिमा होऊन तीन महिने झाले असतील. मथुराकडे कोलंबी घ्यायला गेले. तिचा चेहरा उतरलेला. काय गं, म्हटलं.

"म्हाताऱ्याचं डोकं गेलं," ती म्हणाली आणि कोलंबी निवडत राहिली. "पाच वर्षांनी शेपूट विनायला घेतली. आजवर कवा चुकला नाय. विनली, नेली, तर मेली ढिली पडतेय. भरतीला गुंडालते, पिल खाते. चिखल भरतो, म्हावरं नाय. सोडली, परत विनली. परत तेच. दोनदा विनली, बाय. आता बोलतो, माजं डोकं गेलं, मना मोजता येत नाय."

"डॉक्टरला दाखवलं?"

"नेलं ना. डाक्टर बोलला, शंभरातून सात सात वजा करत या. तर हा काय बोलतो? सात कोनी गिलत नाय, तीन गिलतात. डाक्टरनं लिवून घेतलं. वयाचं हाय बोलला, गोल्या दिल्यात." तिनं पदरानं नाक पुसलं. "होडी विकतो बोलतोय. पुढच्या आइतवारी मानूस येनार हाय बघाला. ज्याला मोजता येत नाय त्यानं दर्यात जावाचं नाय, बोलतो."

मी म्हटलं, "पण चूक कशी होईल? ते गाणं तर पाठ आहे त्यांना."

"तेच तर मी बोलते! आता तर छापलेलं समोर लावून विनतो. छापलेलं चुकंल काय?"

कोलंबीची पिशवी तिथेच विसरून मी घरी आले. मथुरानं ती दुसऱ्या बाईच्या हाती पाठवली.

घरी येऊन कपाट उपसलं. ते विजेचं बिल केव्हाच रद्दीत गेलं होतं. कच्चे कागद जपून ठेवायची मला सवय नाही; शाळेत असताना पक्की वही आल्यावर कच्ची मी मुलांना फाडायला लावायचे. मूळ आकडा कोणता होता? डोळे मिटून बसले. काशीराम उभे आहेत, चिमूट केली आहे, पाचवी ओळ येते, आणि माझ्या कानात 'बारा'च ऐकू येतं. मी स्वतः घातलेलं 'बारा'. खोडलेलं काय ते आठवेचना. तीन अक्षरी होता, एवढंच खरं. अकरा? पंधरा? सतरा? अठरा? एकेक ओळीत घालून म्हणून पाहिला. सगळेच बरोबर वाटले आणि सगळेच चूक. रात्री नवऱ्याला विचारलं, तर म्हणाला, तू कधी मला कविता ऐकवून मत विचारलं नाहीस, आता आकडे विचारतेस?

दुसऱ्या दिवशी सुबोध सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडून अंकाची पानं उलटल्याचा आवाज आला. पट त्यांचाच होता.

"थांबा," ते म्हणाले. "शंभर डोळ्यांवरून चाळीसवर यायचं. साठ गिळायचे, ठरलेल्या फेऱ्यांनी एका वेळी तीन. म्हणजे वीस वेळा. दोन्ही कडेच्या दोऱ्या जुन्या मापाच्याच असणार. शेपूट ढिली पडते म्हणजे ती दोरीपेक्षा लांब झाली आहे. म्हणजे फेरे जास्त झाले. म्हणजे मूळ आकडा बारापेक्षा लहान. तीन अक्षरी आणि बारापेक्षा लहान असा आकडा एकच आहे, ताई. अकरा. वीस वेळा एकेक फेरा जास्त. वीस फेरे लांब."

मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितल्यावर मला एवढं समजलं की एका अक्षरासाठी मी त्या माणसाच्या जाळ्यात वीस फेरे घुसवले होते.

शनिवारी आम्ही दोघं माहुलला गेलो. रिफायनरीच्या भिंतीकडेनं आत वळलं की खाडीच्या अंगाला त्यांचं घर. ओट्यावर निळ्या नायलॉनचा ढीग पडला होता आणि काशीराम त्याच्याकडे पाठ करून बसले होते. शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती. ते बघून मला जास्त वाईट वाटलं.

मी सरळ सांगितलं. पाचव्या ओळीत मी बदल केला. तुमच्या आकड्यानं अक्षर जास्त होत होतं म्हणून बारा केलं. तुमचं डोकं ठीक आहे, चूक माझी आहे.

वाटलं होतं, रागावतील. नाहीतर सुटका झाल्यासारखे हसतील. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"नाय बाई. बाराच हाय. माजा बा बाराच बोलायचा."

"अहो नाही, मी स्वतः खोडलं!"

"तुमाला आठवत नसंल. मना बरोबर आठवतंय. बारा फेरे तीन गिल." जिभेवरून सुळकन गेलं ते. "छापलंय ना? तुमी येवढ्या शिकलेल्या, चुकीचं छापाल काय?"

आता बोला! चौतीस वर्षं मी पोरांना सांगत आले की छापलंय म्हणून खरं मानू नका. आणि इथे एक माणूस माझंच छापलेलं माझ्याच अंगावर टाकत होता. मथुराला विचारलं, सासरे काय म्हणायचे? ती म्हणाली, मी कवा ऐकलं, मी बाजारात. सुबोध सरांनी वही काढून हिशेब मांडला: साठ भागिले तीन, वीस, दोरीचं माप. काशीरामनी नीट ऐकून घेतलं.

"बरोबर हाय तुमचं, मास्तर," ते म्हणाले. "पन दोरी आखडली असंल. नायतर माजी डोल्याच्या मापाची पट्टी झिजली असंल. नायतर मीच मधी झोपलो असंल. एकादं कारन असतं काय? माजं डोकंच धड नाय तर मी कंचं धरू?" मग आवाज खाली गेला. "बाई, तुमी माजं मन राखायला बोलताय. मना कलतंय. उद्या मानूस येनार होडीसाठी. येऊदे."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. मी गुन्हा कबूल करत होते आणि माझा गुन्हा कोणी घ्यायला तयार नव्हतं. त्याहून भयंकर म्हणजे, त्यांच्या तोंडून इतक्या ठामपणे ऐकल्यावर मलाच वाटायला लागलं, खरंच बाराच असेल का? मी दुसरंच काही खोडलं असेल का? सुबोध सरांकडे बघितलं तर तेही वहीत बघून डोकं खाजवत होते.

शेवटी मीच विचारलं, "जुनी शेपूट कुठे आहे? पाच वर्षांपूर्वीची?"

"फाटली. टाकली."

"टाकली नाय," मथुरा आतून म्हणाली. "विनिताच्या खिडकीला हाय. कबुतरांची जाली म्हनून नेलीन ना!"

विनिता त्यांची मुलगी, लग्न होऊन मानखुर्दला असते. तिथूनच रिक्षा केली. काशीराम यायला तयार नव्हते. मथुरानं हाताला धरून बसवलं.

विनिताचं घर पाचव्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेरून ते जाळं ताणून बांधलेलं, ऊन-पावसानं पांढरं पडलेलं. पलीकडे एसीच्या डब्यावर दोन कबुतरं बसलेली. विनिता म्हणाली, "मोजायचंय? हे मोजायला तुम्ही घाटकोपरवरून आलात, बाई?" तरी तिनं पोळ्यांचा तवा उतरवला आणि ओट्यावर चढून बसली.

डोळे गिळले की तिथली गाठ दुहेरी, जाडसर होते. एका जाड गाठीपासून दुसऱ्या जाड गाठीपर्यंतचे फेरे मोजायचे, बस. सोपं वाटलं. विनितानं मोजले, दहा. मी चष्मा लावून मोजले, बारा. सुबोध सरांनी मोजले, अकरा. मग आमची जुंपली. जाड गाठीची ओळ धरायची की सोडायची? एकच धरायची की दोन्ही? शिवाय जाळं आडवं बांधलेलं, त्यामुळे फेरा कुठला आणि उभी ओळ कुठली यावरही एकमत होईना. सर म्हणाले, कुंपणाचे खांब आणि खांबांमधली अंतरं यांत हीच गफलत होते, मुलांना मी नेहमी सांगायचो. मी म्हटलं, सर, आत्ता मुलांचं राहू द्या. विनिता म्हणाली, कबुतराला विचारा. परत मोजलं. दहा, अकरा, अकरा, बारा. मथुरा खाली फरशीवर बसून म्हणाली, "शिकलेली मानसं ही!"

काशीराम दाराला टेकून उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना. आमच्या तिघांच्या तीन उत्तरांनी त्यांची खात्रीच पटत चालली असणार की मोजणं ही गोष्टच आता जगातून उठली.

मग ते पुढे आले. विनिताला म्हणाले, "उतर गं खाली." खिडकीपाशी उभे राहिले. बघितलं नाही, डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं जाळ्यात घातली, अंगठ्यानं एक जाड गाठ शोधली आणि उजव्या हाताची चिमूट केली. हात चालायला लागला. सुई नव्हती, दोरा नव्हता, पण मनगट तसंच वळत होतं. ओठ हलत होते. दुसऱ्या जाड गाठीशी अंगठा पोचला आणि हात थांबला. त्यांनी परत पहिल्यापासून केलं. तिसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा आवाज फुटला.

"अक... रा. फेरे तीन गिल."

ते 'अकरा' त्यांनी जसं म्हटलं तसं मला लिहून दाखवता येणार नाही. पहिल्या दोन अक्षरांवर जीभ अडली, 'रा' मागून आला, आणि त्या अडलेल्या क्षणात उजव्या हातानं एक हिसका दिला. खाली, मग वर. गाठ आवळायचा हिसका. मग ओळ पुढे गेली. त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली; पुन्हा तिथेच अडली, पुन्हा तिथेच हिसका. फेब्रुवारीपासून किती वेळा मी त्यांना ते म्हणताना पाहिलं होतं, आणि तो हिसका नव्हता. पहिल्या शनिवारी होता. आत्ता आठवलं मला. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, इथे लय तुटते बिचाऱ्याची.

काशीरामनी डोळे उघडले.

"बा बोलायचा," ते हळू म्हणाले, "तोंड अडलं पायजे. तोंड अडलं नाय तर हात धावतो. हात धावला का गाठ ढिली." मग ते माझ्याकडे वळले आणि आता मात्र चिडले. मनापासून चिडले. "बाई, दोन महिने मी गोल्या खाल्ल्या! पोरीला वलखतो का नाय म्हनून रोज सकाली तिचं नाव मनात बोलून बघतो! रोज!"

विनिता तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागली.

चुकले, म्हटलं. शाळेत असताना एकदाही कुठल्या मुलाला मी हे म्हटलेलं नाही. त्या चौतीस वर्षांत मी किती वह्यांमधली किती अक्षरं खोडली, याचा विचार मनात आला आणि मी तो लगेच दाबून टाकला. तो करायला लागले तर मला झोप लागणार नाही. अजूनही मी तो करत नाही.

मथुरा उठली. "म्हंजी डोकं हाय ना जाग्यावर?" तिनं सुबोध सरांना विचारलं.

"अगदी जागेवर आहे," सर म्हणाले. "आमच्यापेक्षा."

"मग होडीवाल्याला फोन लाव गं," ती विनिताला म्हणाली, "येऊ नको म्हनावं. आनि च्या टाक."

चहा पिताना सुबोध सर आपल्या चुकलेल्या पटाबद्दल काहीतरी बोलायला लागले. पासष्ट अक्षरं चौकोनात बसत नाहीत, एक घर बाहेर काढावं लागेल, पण तसंही चालेल. कोणी लक्ष दिलं नाही. काशीरामनी शर्टाची वरची बटणं लावली होती. मी पर्समधून अंकाची प्रत काढली, लाल पेन काढलं आणि मलपृष्ठावरचं 'बारा' खोडलं. वर 'अकरा' लिहिलं. दोन घरांत तीन अक्षरं, अगदी खेटून. उरलेल्या साठ-पासष्ट प्रतीही करणार होते. त्या पुढे केल्याही. ज्या वाटल्या गेल्या त्यांचं काय करायचं, ते मला अजून कळत नाही. रेकॉर्डिंगं तर कुठकुठल्या मोबाइलवर फिरत असतील. त्यांत काशीराम स्वतःच्या आवाजात चुकीचं म्हणताहेत, आणि ऐकायला ते जास्त छान वाटतं. ही कविता होती की हिशेब होता? की दोन्ही नव्हतं? मी त्याचा अर्थ कधीच काढला नव्हता आणि तरी दुरुस्त केलं होतं. मला काही म्हणजे काही समजेनासं झालं होतं.

मी पान त्यांच्यापुढे धरलं. "बघा, आता बरोबर आहे?"

त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग पान मला परत दिलं.

"लिवलंय बरोबर. आता बोला."

"मी?"

"तुमीच. मी गेल्यावर कोनाला विचारतील? ह्या दोगींना येत नाय. तुमाला पाठ हाय ना? बोला."

विनिता आणि मथुरा बघत होत्या. मी ताठ बसले, घसा साफ केला. सहा विसा डोले घाल. नऊ फेरे सरल जा. दहाव्याला दोन गिल. पाच विसा उरं तवा. मग पाचवी आली, आणि माझ्या जिभेनं सवयीनं 'अकरा'ची तीन अक्षरं दोघांच्या जागेत कोंबली आणि ओळ गुळगुळीत करून टाकली.

"नाय," काशीराम म्हणाले. त्यांनी माझा उजवा हात धरून चिमूट करायला लावली. "पलू नका. तिथं गाठ हाय. परत बोला, बाई."